मनात काहूर माजलं की स्तोत्र ४२

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की 'आपल्याकडून काही होणार नाही' हा विचार हमखास डोकं वर काढतो. त्याच्याशी हुज्जत घालू नका. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे ख्रिस्ती साधू इव्हाग्रिअस आधी विचार ओळखायला सांगत: हा खिन्नतेचा, हा रागाचा. मग त्याला शास्त्रवचनाने उत्तर द्यायचं.

तसंच करा. उठून बसा, पाय जमिनीला टेकवा, 'हा भीतीचा विचार आहे' असं हळू आवाजात म्हणा. मग बायबलमधल्या ४२ व्या स्तोत्राचं वचन घ्या: श्वास घेताना 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?' आणि सावकाश सोडताना 'देवाची आशा धर'. मन भरकटेलच, स्वतःला दोष न देता पुन्हा वचनावर या. मला या स्तोत्राचा फार आधार वाटतो, कारण स्तोत्रकर्त्यालाही एकदा विचारून भागलं नाही. तोच प्रश्न ४२ व्या स्तोत्रात दोनदा येतो, ४३ व्यात पुन्हा.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक उडाली, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरांनाही गाठा. जीव नकोसा वाटला तर मात्र लगेच. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो.