कॅन्सरच्या ऑपरेशननंतर दुखणं अंगावर काढताय? या चुका टाळा

निफाडकडचे एक काका. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले. उशी पोटाशी घट्ट धरून बसायचे, खोकला आला की श्वासच रोखून धरायचे. फुफ्फुसाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र हातात, पण पहिला चेंडूही जागचा हलेना. दुखतंय का विचारलं की, "नाही हो सिस्टर." मग सूनबाईंनी हळूच सांगितलं, मुलाने मोबाइलवर वाचलंय की मॉर्फिनने, म्हणजे दुखणं थांबवणाऱ्या जोरदार औषधाने, प्रतिकारशक्ती जाते आणि कॅन्सर परत येतो. इंजेक्शन मागायचं नाही, असं त्याने बापाला बजावलं होतं.

नाशिकमध्ये इतकी वर्षं वॉर्डात काढली, पण यापेक्षा महागात पडणारी चूक क्वचितच पाहिली.

पोराने वाचलेलं अगदीच खोटं नव्हतं, खरी पंचाईत तीच. आपल्या रक्तात नॅचरल किलर पेशी असतात, इकडेतिकडे सुटलेल्या कॅन्सरपेशी टिपणाऱ्या. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत मॉर्फिनमुळे त्या मंदावलेल्या दिसल्या आहेत. पण ऑपरेशनच्या ताणानेही त्या मंदावतात. कॉर्टिसॉल, ॲड्रेनॅलिन ही ताणाची हार्मोन्स वाढतात आणि न आवरलेली वेदना त्यात भर घालते. वर रुग्ण खोकत नाही, चालत नाही, मग छातीत कफ साठतो, न्यूमोनियाची आणि पायात गुठळी होण्याची भीती वाढते.

माणसांमध्ये काय दिसलं? 2019 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक मोठी चाचणी छापून आली. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या 2,100 हून जास्त बायका होत्या. निम्म्यांना मणक्याशेजारी बधिरतेचं इंजेक्शन, निम्म्यांना गॅसची भूल आणि ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीची औषधं. आजार परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे साधारण 10 टक्केच निघालं. मुंबईच्या टाटा मेमोरियलचा 2023 चा अभ्यासही लोक मला दाखवतात. त्यात ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध टोचलं होतं आणि फायदा दिसला. चांगलीच गोष्ट आहे, पण त्यावरून मॉर्फिन वाईट ठरत नाही. औषध वेगळं, प्रश्नही वेगळा.

ओपिऑइड कमी लागावं असं वाटत असेल तर तसं भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आधीच विचारा. ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन), एपिड्युरल (पाठीतून नळीने दिलेलं बधिरतेचं औषध), पॅरासिटामॉल असं मिळून दिलं की मॉर्फिन आपोआप कमी लागतं. काकांना वेळच्या वेळी डोस सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोन चेंडू वर गेले. तिसऱ्याने मात्र शेवटपर्यंत दाद दिली नाही.

घरी गेल्यावरच्या चुका वेगळ्याच. दुखणं डोक्यावर बसल्यावर गोळी घेतली तर ती पुरत नाही. वेळ लिहून दिली असेल तर घड्याळ बघूनच घ्या. ट्रामाडॉल या ओपिऑइडच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. वरून तापाची गोळी घेतली की डोस दुप्पट होतो आणि मार लिव्हरला बसतो. प्रतिकारशक्तीसाठी म्हणून कुणी गुळवेलीचा काढा चालू करतं. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत, तेव्हा आधी डॉक्टरांना सांगा. पोट साफ होत नाही म्हणून दुखण्याची गोळी बंद करू नका, पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. नुसत्या इसबगोलाने भागत नाही, उलट पाणी कमी प्यायलं तर खडाच होतो.

झोपेची गोळी किंवा दारू मात्र ओपिऑइडसोबत अजिबात नको. हाक मारूनही माणूस नीट जागा होत नसेल, श्वास फार संथ चालला असेल तर पुढचा डोस देऊ नका, लगेच दवाखाना गाठा. सुरगाणा, पेठकडच्या मंडळींना रात्री नाशिक गाठायला वेळ लागतो, म्हणून डिस्चार्जच्या कागदावरच रात्रीचा फोन नंबर लिहून घ्या. मॉर्फिन कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही, पुढच्या गोळ्या कुठून घ्यायच्या तेही निघायच्या आधीच विचारून ठेवा.