ए-झिरो पोस्टरवर आलेख फुटले, जोडाक्षरं तुटली : असं दुरुस्त केलं

पॉवरपॉइंटचं कोरं पान नेहमीच्या आकाराचं असतं. त्यावर पोस्टर रचून छपाईवेळी मोठं केलं की चित्र म्हणून टाकलेल्या आलेखांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांसारख्या दिसतात. म्हणून पहिलं काम 'स्लाइड साइज'मध्ये ए-झिरो कागदाचं माप, ८४.१ × ११८.९ सेंमी, भरणं. हे मजकूर टाकण्याआधीच करायचं, नाहीतर सगळी मांडणी हलते.

खरा दोष मात्र स्क्रीनशॉटचा होता. १२०० पिक्सेल रुंदीचं चित्र ४० सेंमीवर ताणलं की इंचाला जेमतेम ७६ पिक्सेल उरतात. निदान १५० तरी हवेत. आलेख आर किंवा पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषांमधून थेट एसव्हीजीमध्ये (पिक्सेलऐवजी रेषांच्या रूपात चित्र साठवणारा फाइल-प्रकार) काढला, की कितीही मोठा करा, रेघ स्वच्छ राहते. अक्षांवरची अक्षरंही तिथेच मोठी करून घ्यावीत.

जोडाक्षरं तुटली ती छपाईवाल्याकडे आपला फॉन्ट नसल्यामुळे. मूळ फाइल देऊच नये. फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फॉन्ट आतच साठवलेली, पीडीएफ द्यावी आणि त्याच्या संगणकावर 'क्ष', 'त्र', 'र्‍य' डोळ्यांनी तपासून मगच छापायला सांगावं.

शीर्षक ९० पॉइंट, उपशीर्षकं ४४, मजकूर २८. शब्द चारशेच्या आत. प्रस्तावना निर्दयपणे छाटा, निष्कर्षाला हात लावू नका. शेवटी तेच पान ए-फोरवर छापा. ते लांबी-रुंदीला बरोबर चौथाई होतं, म्हणजे २८ चं अक्षर ७ पॉइंटचं. हातात धरून ते वाचता आलं नाही, तर फलकासमोर उभ्या माणसालाही त्रास होणार. लॅमिनेशन मॅटच घ्या. चकचकीत कागदावर ट्यूबलाइटचा पट्टा नेमका आलेखावर पडतो.