नॉबला हात लावू नका! मिक्सिंग करताना व्हॉल्यूमच्या या चुका टाळा

परवा परत एक पोरगं पेनड्राईव्ह घेऊन आलं. "अण्णा, घरात एकदम भारी वाजायलंय, खरं गाडीत लावलं की बेसच नाही." फाईल उघडायच्या आधीच मी विचारलं, मिक्स करताना, म्हणजे रेकॉर्ड केलेले सगळे आवाज एकत्र जुळवताना, स्पीकरचा आवाज किती होता? म्हणाला, "फुल." झालं! ह्यांचे प्लगिन (आवाजाला वळण देणारी सॉफ्टवेअरं) बदलतात, स्पीकर बदलतात, इंटरफेस (कॉम्प्युटर आणि स्पीकरच्या मधला डबा) तर दर दिवाळीला नवीन, खरं आवाजाचा नॉब कुठं ठेवायचा हे काय कुणी ठरवत नाही. आता प्रत्येकाला वेगळं सांगायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच लिहितो.

रात्र चढेल तसा आवाज चढवणे

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ही मी स्वतः केलेली आहे त्यामुळं अधिकारानं बोलतो.

माझी रेकॉर्डिंगची खोली बेळगावातल्या शहापुरात, माळ्यावर, वर पत्रा. आषाढीच्या आधी खानापूरकडच्या एका गावातलं भजनी मंडळ अभंग रेकॉर्ड करायला आलं होतं. पखवाजवाले मामा एकदम जुन्या वळणाचे, कणीक घरनं मळून डब्यातनं आणलेली, धुम्याला, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या तोंडाला, थापायची, एक थाप मारून बघायची, चिमूटभर काढायची, परत थाप, असं अर्धा तास. मी मनात वैतागलो होतो खरं धुमा जो लागला तो असा की पोटात घुमला. रेकॉर्डिंग मस्त झालं. रात्री ९ ला मिक्सला बसलो. बाहेर बेळगावचा पाऊस, पत्र्यावर नुसता धडधडाट, त्यात आवाज कमी वाटायला म्हणून नॉब थोडा वर घेतला. तासाभरानं कान बसले, परत कमी वाटला, परत वर. टाळ बोथट वाटायला लागले म्हणून टाळाचा फेडर (एकेका वाद्याचा आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) वर. पखवाज तर काय, एवढ्या आवाजात छाती हलायली, उलट मीच त्याचा खालचा भाग थोडा कापला. दोन वाजता एक्स्पोर्ट मारला आणि शांत झोपलो.

सकाळी बुवांनी त्यांच्या जुन्या ओम्नीत लावलं, बोलता बोलता ऐकायचं तसं, हळू आवाजात. पहिला अभंग अर्धा झाला तरी बुवा काही बोलेनात. मग मान वळवून म्हणाले, "टाळ तेवढे ऐकायलेत हो. आमचा पखवाजवाला काय रुसून घरी बसला काय?" मामा मागच्या सीटवरच होते. मला वाटलं गाडीतनं उडी मारावी.

झालं काय होतं, आपला कान सगळे सूर सारखे ऐकतच नाही. २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात तो एकदम तिखट, आणि खालच्या सुरांना मंद, त्यातही आवाज हळू असेल तर जास्तच मंद. फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघांनी १९३३ सालीच अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये हे मोजून ठेवलंय. १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलवर जेवढा ऐकू येतो तेवढाच १०० हर्ट्झचा ऐकू यायचा असेल तर त्याला २० हून जास्त डेसिबल चढवून द्यावे लागतात. तोच १००० चा सूर ८० वर नेला की हा फरक १२-१३ वरच येतो. म्हणजे मोठ्या आवाजात बेस फुकटात मिळतो, आपण खूश होऊन तो कापतो, आणि सकाळी ओम्नीत हळू लावलं की धुमा गायब. टाळ मात्र कानाच्या त्या तिखट पट्ट्यातच बसलेत, ते कुठं जाणार? वर थकलेल्या कानानं मीच त्यांना ढकललेलं.

तेव्हापासनं माझ्या इंटरफेसच्या नॉबवर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका आहे, बायकोची बाटली, तिला आजून सांगितलेलं नाही. पिंक नॉईजची (सगळे सूर मिसळलेल्या खरखरीची) फाईल घ्यायची, उणे २० डेसिबल आरएमएसची (म्हणजे सरासरी पातळीची), एका वेळी एकच स्पीकर चालू ठेवून वाजवायची, आपलं डोकं जिथं असतं तिथं आवाज मोजायचा मीटर धरायचा, त्यावरचं सेटिंग सी आणि स्लो. माझ्या खोलीत ७५ डेसिबल आला तिथं ठिपका मारला. आता गाण्यात काय कमी वाटलं तर फेडर हलवायचा, नॉब नाही. पाऊस आला तर उठायचं, चहा टाकायचा. पावसाशी स्पर्धा करून आजवर कुणाचं मिक्स झालेलं मी बघितलेलं नाही.

यूट्यूबवर ८५ डेसिबल ऐकलं म्हणून ८५ लावणे

तो आकडा सिनेमाचा आवाज ज्या मोठ्या हॉलात मिक्स करतात तिथला. तुमची खोली जेमतेम दहा फुटांची, स्पीकर नाकापासून हातभर लांब, तिथं ८५ लावून दिवसभर बसलात की डोकं भणभणणारच. आणि कानाचा हिशोब वेगळाच. अमेरिकेतली एनआयओएसएच ही कामगारांच्या आरोग्याची संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा धरते, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला एकच. छोट्या खोलीत ७३ ते ७८ मध्ये कुठंतरी बसा, पुष्कळ झालं.

घरमालक झोपलेत म्हणून सगळं गाणं कुजबुजत मिक्स करणे

ही उलटी चूक. वडगावच्या एका पोरानं मंडळाचं गणपतीचं गाणं रात्री एक वाजता, खालच्या मजल्यावर आजी झोपलेली म्हणून, अगदी बारीक आवाजात केलं. बारीक आवाजात बेस ऐकूच येत नाही, मग हा चढवतोय, चढवतोय. मला पाठवलं तेव्हा मी म्हटलो, अरे एकदा दिवसा ऐक की. "नको अण्णा, आज द्यायचं आहे." दिलं. गल्लीत डॉल्बीवर लावलं तर मंडपाचे पत्रे थरथरायला लागले, आणि गाण्यातला शब्द एक कळेना, मंडळाच्या नावासकट. शेवटी डॉल्बीवाल्यानंच बेस खाली खेचला, आणि वर ह्याला चार शब्द सुनावले. घाई असते ती अशी भोवते.

बारीक आवाज वाईट नाही हां. मी दर वीस-पंचवीस मिनिटांनी नॉब एकदम खाली घेतो, शेजारचा बोलला तर कळेल एवढा, आणि बघतो की गायकाचे शब्द आणि ठेका शिल्लक राहतात का. राहिले तर बॅलन्स बसला. खरं बेसचा निर्णय मी तिथं घेत नाही. बेससाठी ठिपक्यावर, आणि शेवटी दोन मिनिटं मोठ्यानं, घड्याळ लावून, मग परत खाली. मोठा आवाज चटणीसारखा, तोंडी लावायला.

बेस येईना म्हणून आवाज वाढवणे

आधी खुर्ची सरकवा. १० बाय १० च्या खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतीशी फुगतो आणि बरोबर मधोमध नाहीसा होतो, आणि आपली माणसं टेबल हौसेनं मधोमधच मांडतात. तिथं बसून आवाज कितीही वाढवा, खड्डा खड्डाच राहणार. फूट-दीड फूट पुढं किंवा मागं सरका आणि मग बोला.

बाकीच्या पटापट. नवीन प्लगिन लावल्यावर आवाज एखाद्या डेसिबलनं जरी वाढला तरी "काय भारी प्लगिन" असं वाटतं, म्हणून आधी दोन्हीकडं लेव्हल सारखी करा आणि मग कौतुक करा. पंखा चालू ठेवून मीटर लावू नका. शिवजयंतीच्या चित्ररथांपुढं रात्रभर नाचून आलात आणि कानात शिट्टी वाजायली असेल तर दुसऱ्या दिवशी मिक्सला बसू नका, दुकान बंद ठेवा. दुसऱ्याचं मास्टर केलेलं (शेवटचा हात फिरवून आवाज चढवलेलं) गाणं आपल्या कच्च्या मिक्सशेजारी लावून "माझं कमी वाजतंय" म्हणून रडू नका, ते गाणं खाली ओढा, आपलं वर नको. हेडफोनवर तर मीटर धरायला जागाच नाही, तिथं तासाला दहा मिनिटं काढून ठेवायचे, एवढंच.

मीटर विकत घ्यायला पैसे नाहीत, अण्णा, फोनवरचं ॲप चालेल काय? चालतंय की. दोन फोन शेजारी धरले की दोन आकडे दाखवतात ते खरं आहे, म्हणून आकड्याच्या नादाला लागू नका. बाजूला बसलेल्याशी आवाज न चढवता बोलता येईल असा नॉब लावा, ॲप काय दाखवतंय ते भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवा, आणि रोज तोच फोन, तीच जागा. फोन बदलला की भिंतीवरचा आकडा पुसायचा, ठिपका नाही.