गेम जर्मनीला पाठवायचाय? मग उंबरठ्यापासून सुरुवात करा

आमच्या गेममधला वाडा हरिपूरचा आहे. सांगलीला लागूनच, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव. हळदीच्या व्यापाऱ्याचं घर, आवारात जमिनीखाली खोल पेव, ओसरीवर बैठक आणि लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. उंबरठ्यावर कुंकवाचं स्वस्तिक. ते मी संगणकावर काढलेलं नाही. आजीनं ओल्या कुंकवात अनामिका बुडवून लाकडी पाटावर काढलं, चार घरांत चार ठिपके दिले. मी वरून फोटो घेतला आणि त्याचं टेक्स्चर, म्हणजे गेममधल्या वस्तूवर चढवायचं चित्र, केलं. एका भुजेचं कुंकू जरा ओघळलंय, तेही तसंच राहू दिलं.

जर्मन आवृत्तीची वेळ आली तेव्हा पब्लिशरकडून स्वस्तिक असलेल्या आठ जागांची यादी आली. वर एकच ओळ होती: द्वेषाची चिन्हं, काढून टाका. पहिलीच जागा उंबरठ्याची. मुदत जवळ आली होती, मी घाबरले आणि आठही चिन्हं एका रात्रीत पुसली. सकाळी आजी चहा घेऊन आली. स्क्रीनवर तिचा उंबरठा उघडा होता. "कुंकू का पुसलंस गं? घरात कुणी गेलंय का?" तिनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर हे काम मी मुळापासून शिकले. सांगलीच्या विश्रामबागेत घरूनच गेमचं टेक्स्चरचं काम करते, आणि आपल्याकडची नवी मुलं हाच प्रश्न घेऊन येतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी कायदा समजून घ्या

देश बदलला की गेम बदलतो, हे आपल्याला नवीन नाही. २०२१ मध्ये बीजीएमआय, म्हणजे पबजीची भारतीय आवृत्ती, आला तेव्हा त्यात रक्त हिरवं होतं. फॉलआउट ३ ची एक्सबॉक्स ३६० वरची आवृत्ती २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं भारतात आणलीच नाही, सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण दिलं. अमेरिकेत १९९४ मध्ये नाझींशी लढायचा गेम वुल्फेनस्टाइन ३डी निन्टेंडोच्या यंत्रावर आला तेव्हा रक्ताचा घाम झाला आणि कुत्र्यांच्या जागी मोठे उंदीर आले. हे सगळे कंपन्यांचे निर्णय. जर्मनीत मात्र गाठ फौजदारी कायद्याशी आहे.

तिथल्या दंडसंहितेचं कलम ८६अ सांगतं की नाझी पक्षासारख्या घटनाविरोधी ठरलेल्या संघटनांची चिन्हं वापरली किंवा वाटली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. चिन्हात झेंडा, बिल्ला, गणवेश, घोषणा, अभिवादनाची पद्धत हे सगळं येतं. मूळ चिन्हाशी गल्लत होईल इतकं सारखं दिसणारंही त्यात धरतात, आणि आपलं काम इथेच अडतं. कायद्यात अपवादही आहे: कला, विज्ञान, संशोधन, शिक्षण, इतिहासाची मांडणी. सिनेमांना तो मिळत आला. गेमना मिळाला नाही, कारण १९९८ मध्ये फ्रांकफुर्टच्या न्यायालयानं वुल्फेनस्टाइन ३डी च्या प्रकरणात तो नाकारला. मुलं अशा खेळांतून या चिन्हांना सरावतील, ही न्यायालयाची चिंता होती. गोष्ट नाझींना मारण्याची होती तरीही.

ही चिंता मला पोकळ वाटत नाही. ज्या देशात नाझींचे अत्याचार घडले, त्या देशानं आपल्या मुलांबद्दल जपून वागावं, हे योग्यच आहे. पण त्या निकालानंतर वीस वर्षं गेम बनवणाऱ्यांनी कापाकापीचीच सवय लावून घेतली. ऑगस्ट २०१८ मध्ये यूएसके या तिथल्या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेनं जाहीर केलं की यापुढे प्रत्येक गेमचा स्वतंत्र विचार होईल. त्याच महिन्यात कोलोनच्या गेम्सकॉम मेळ्यात बर्लिनच्या एका छोट्या स्टुडिओनं 'थ्रू द डार्केस्ट ऑफ टाइम्स' हा गेम चिन्हांसकट दाखवला. १९३३ पासूनच्या बर्लिनमधल्या नाझीविरोधी साध्या माणसांची ती कथा आहे.

म्हणजे आज "जर्मनीत सगळं कापावंच लागतं" असं कुणी सांगितलं तर ते जुनं झालं. आणि "आता सगळं चालतं" हेही खोटं. तुमच्या गेमपुरता निर्णय होतो, आणि तो होण्याआधी तुमची बाजू तुम्ही मांडायची असते.

शोधायचं कुठे

स्टुडिओत एक तक्ता करा: जागा, फाईलचं नाव, चिन्ह कोणतं, कोण वापरतंय, कशासाठी. हा तक्ता भरायला आम्हाला चार दिवस लागले. चार दिवस द्याच.

टेक्स्चर तर सगळेच बघतात. माझ्याकडून काय राहिलं ते सांगते. मी उंबरठा पुसला होता तो जवळून दिसणारा. लांबून दिसणाऱ्या हलक्या मॉडेलला जुनंच टेक्स्चर लागलेलं होतं. दाराजवळ उभं राहिलं की उंबरठा कोरा, दहा पावलं मागे अंगणात गेलं की स्वस्तिक परत हजर. हे पब्लिशरच्या तपासणीत सापडलं. तेव्हापासून माझा नियम असा: प्रत्येक वस्तूचे जवळचे-लांबचे सगळे टप्पे उघडून बघायचे, आणि अनेक चित्रं एकत्र चिकटवलेलं पान असेल तर त्याचा कोपरान् कोपरा बघायचा.

मग नकाशा वरून बघा. १९९३ च्या डूम या गेममध्ये पहिल्या भागाच्या चौथ्या लेव्हलमधली एक जागा वरून स्वस्तिकाच्या आकाराची होती, वुल्फेनस्टाइनची आठवण म्हणून केलेली. तक्रार आल्यावर ती पुढच्या आवृत्तीत बदलली. आपल्या वाड्यांच्या चौक-सोप्यांच्या रचनेत असा आकार नकळत तयार होऊ शकतो.

फॉन्टही तपासा. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००३ बरोबर आलेल्या एका चिन्हांच्या फॉन्टमध्ये स्वस्तिक निघालं आणि ते काढण्यासाठी कंपनीला वेगळी दुरुस्ती द्यावी लागली. आवाज तपासा: नाझी पक्षाचं गाणं, होर्स्ट वेसल गीत, तिथे बंद आहे आणि वुल्फेनस्टाइन ३डी च्या सुरुवातीला तेच वाजायचं. हात वर करून केलेली सलामी ॲनिमेशनमध्ये लपलेली असते. खेळाडूंना स्वतःचं बोधचिन्ह काढायची सोय दिली असेल, तर तक्रार नोंदवण्याचं बटणही द्या आणि ती तक्रार वाचणारं माणूसही ठेवा.

तीन ढीग करा

तक्ता भरला की तीन ढीग. पहिला आपल्या शुभचिन्हांचा. दुसरा इतिहास सांगण्यासाठी आलेल्या नाझी चिन्हांचा. तिसरा रुबाबासाठी, थरारासाठी, बंदुकीवरच्या नक्षीसाठी आलेल्या चिन्हांचा. तिसरा ढीग सगळ्या देशांसाठी काढून टाका. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

पहिल्या ढिगाबद्दल आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसलाय: "हिटलरचं उलटं असतं, आपलं सुलटं." हे बरोबर नाही. नाझींच्या चिन्हाच्या भुजाही आपल्या नेहमीच्या स्वस्तिकासारख्याच उजवीकडे वळतात. फरक आहे तो तिरपेपणाचा, ४५ अंशांत वळवून लाल झेंड्यावर पांढऱ्या गोलात काळं चिन्ह. १९२० मध्ये ते पक्षाचं झालं आणि १९३५ मध्ये तोच देशाचा झेंडा झाला. पण तिरपेपणावरही सगळी भिस्त ठेवू नका, हिटलरच्या स्वतःच्या निशाणावर सरळ उभं चिन्हच होतं. जर्मन माणूस नाझी चिन्हाला हाकेनक्रॉइत्स म्हणतो, म्हणजे आकडे असलेला क्रूस. तुमच्या कागदांत नाझी चिन्हाला हेच नाव वापरा आणि आपल्याला स्वस्तिक म्हणा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २०२२ मध्ये नाझी चिन्हावर बंदीचा कायदा केला तेव्हा त्यात हाकेनक्रॉइत्स हाच शब्द घेतला आणि हिंदू, बौद्ध, जैन स्वस्तिकाला बाहेर ठेवलं. दोन शब्द वेगळे ठेवले की समोरच्याच्या मनातही दोन गोष्टी वेगळ्या व्हायला लागतात.

भुजांची दिशा मोजत बसण्यापेक्षा संदर्भ बळकट करा. ठिपके ठेवा. हातानं काढल्याचा कमीजास्तपणा ठेवा, कुंकवाचा रंग ठेवा, शेजारी पणती, रांगोळी, आंब्याचं डहाळं येऊ द्या. आमच्या यादीतली सगळ्यात अवघड वस्तू होती खतावणीची वही. लाल कापडी बांधणी, वर गोल पांढरी चिठ्ठी, त्यावर काळ्या शाईचं स्वस्तिक. मी कितीदा बघितलं तरी मला वहीच दिसायची. एका रात्री स्क्रीनपासून लांब जाऊन, डोळे बारीक करून बघितलं. लाल, पांढरा गोल, आत काळं. ज्याचं कुटुंब त्या झेंड्याखाली मारलं गेलं, त्याला काय दिसेल ते मला त्या वेळी दिसलं. मग वही बदलली. खरं तर पूजेच्या दिवशी स्वस्तिक पहिल्या पानावरच काढतात, वर "श्री", बाजूंना "शुभ" आणि "लाभ". ते तसं आत घेतलं, बाहेरची चिठ्ठी काढली. वही आधीपेक्षा जास्त खरी झाली. डोळे बारीक करून बघायची ही चाचणी प्रत्येक चिन्हावर करा.

आणि पब्लिशरसाठी अर्ध्या पानाचं टिपण लिहा. चिन्ह काय, कोण काढतं, कधी, कुठे. सोबत घरचे दोन-तीन फोटो. आम्ही आजीच्या हाताचा फोटो दिला. "आमच्या भावना दुखावतात" असं लिहू नका. समोरच्या माणसावर कायद्याची जबाबदारी आहे, त्याला निर्णय घ्यायला आधार द्या. २००७ मध्ये जर्मनीनं नाझी चिन्हांवर युरोपभर बंदीचा विचार मांडला तेव्हा युरोपातल्या हिंदूंनी असंच समजावून सांगितलं होतं, आणि स्वस्तिकाची बंदी त्या प्रस्तावातून गळली. शेवटचा शब्द मात्र जर्मन वकिलाचा. तो खर्च वाचवू नका.

दुसऱ्या ढिगाबद्दल मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय. चिन्ह काढताना माणसं काढू नका. २०१७ च्या वुल्फेनस्टाइन २ च्या जर्मन आवृत्तीत झेंडे बदलले, हिटलरची मिशी गेली, त्याचं नाव हायलर झालं, नाझींची "राजवट" झाली. आणि ज्यूंच्या छळाचे उल्लेखही पातळ झाले. यावर जर्मनीतच टीका झाली, आणि ती रास्त होती. कायद्यानं चिन्हाबद्दल काळजी घ्यायला सांगितलं होतं, बळींना विसरायला नाही. पुढे २०१९ मध्ये त्याच मालिकेतला यंगब्लड तिथे मूळ चिन्हांसकटही विकला गेला. म्हणून तुमच्या तक्त्यात आणखी एक रकाना घाला: हे काढलं तर कुणाचं दुःख दिसेनासं होतं? उत्तरात कुणाचं नाव येत असेल तर आधी यूएसकेकडे अपवाद मागा, कात्री नंतर.

बदल करताना

मूळ फायलींवर हात चालवू नका. जर्मन आवृत्तीचा वेगळा फोल्डर, त्यात त्याच नावाच्या बदललेल्या फायली, आणि बिल्ड करताना, म्हणजे विकायचा गेम तयार करताना, कोणता फोल्डर घ्यायचा ते ठरवा. मूळ टेक्स्चरवर पुसत गेलात तर दोन वर्षांनी नियम बदलला की परत काय ठेवायचं हे कुणाला आठवत नाही. माझं आजीचं मूळ टेक्स्चर जुन्या बॅकअपमध्ये मिळालं म्हणून बरं.

रिकामी जागा सोडू नका. चिन्ह खरंच काढायचं असेल तर तिथे त्या घरात शोभेल असं काही द्या: गोपद्म, कमळ, लक्ष्मीची पावलं. पुसलेली खूण आपल्या माणसाला काय सांगते ते आजीनं मला सांगितलंच आहे.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर आशय-सर्वेक्षणाचा फॉर्म भरल्याशिवाय जर्मनीत गेम दिसत नाही, नोव्हेंबर २०२४ पासून वयोगट नसलेले गेम तिथे लपवले जातात. फॉर्म भरताना तक्ता समोर ठेवा आणि खरं लिहा.

आमच्या आठांपैकी सहा चिन्हं राहिली, त्यांत उंबरठ्याचं पहिलं. वहीवरचं आम्ही आपणहून आत हलवलं. एक काढलं, ट्रेलरच्या सुरुवातीच्या दृश्यातलं, कारण तिथे ते दोन सेकंद दिसायचं आणि दोन सेकंदांत पणती, रांगोळी, आजी काहीच दाखवता येत नाही. तिथे आता लक्ष्मीची पावलं आहेत, दारातून आत येणारी. तीही आजीनंच काढून दिली, मुठीचा ठसा आणि वर पाच बोटं.