पानगळीतील माती परीक्षण आणि अमेरिकी शेतकरी-पशुपालकांसाठीच्या साहाय्य योजना : कामाचा क्रम कसा लावावा

अमेरिकेत मका-सोयाबीनची कापणी उरकते आणि कुरणांची वाढ मंदावते, तो सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरपर्यंतचा काळ माती परीक्षणासाठी सर्वांत सोयीचा असतो. शेत मोकळे असते, जमीन अजून गोठलेली नसते आणि आम्लता घटवण्यासाठी चुना देण्याची गरज निघाली, तर त्याला मातीत मिसळून परिणाम दाखवायला हिवाळाभराचा अवधी मिळतो. याच सुमारास, १ ऑक्टोबरला, संघीय सरकारचे आर्थिक वर्ष सुरू होते आणि अनेक राज्यांत संवर्धन योजनांच्या अर्जांची छाननी पुढच्या काही महिन्यांत होते. म्हणून मातीचा नमुना घेणे आणि साहाय्यासाठी अर्ज करणे ही दोन कामे वेगवेगळ्या वेळी न करता एकाच मोहिमेत उरकावीत. हाती ताजा अहवाल असलेल्या शेतकऱ्याचे कृषी खात्याच्या कार्यालयातील बोलणे अधिक नेमके होते, आणि योजनेचा आराखडाही त्याच आकड्यांवर उभा राहतो.

प्रथम जमिनीचे भाग पाडावेत. कृषी खात्याच्या ‘वेब सॉइल सर्व्हे’ या विनामूल्य नकाशावर आपल्या शेतातील मातीचे प्रकार दिसतात. त्यांच्या जोडीला उतार, निचरा, मागील पिके आणि शेणखताचा इतिहास लक्षात घेऊन, ज्या भागाला पुढे एकसारखे खत देणार आहोत तो एक भाग धरावा. अनेक ठिकाणची माती मिसळून केलेल्या एका संमिश्र नमुन्याने साधारण २० एकरांहून अधिक क्षेत्र व्यापू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. प्रत्येक भागात नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणची माती घ्यावी. जुन्या कुंपणाच्या रेषा, चुन्याचा ढीग पडला होता ती जागा, खडीच्या रस्त्यालगतचा पट्टा आणि पाणथळ खळगे वगळावेत. गेल्या हंगामात खत ओळीत पेरून दिले असेल, तर सगळे नमुने त्या ओळीवर पडू देऊ नयेत. अन्यथा स्फुरदाचा (फॉस्फरसचा) आकडा फुगतो आणि शेत आहे त्याहून श्रीमंत भासते.

खोली हा या कामातील सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. नांगरटीच्या शेतात ६ ते ८ इंच, कायमच्या कुरणात काही राज्यांत ४ इंच, असे संकेत आहेत. आपल्या राज्याच्या कृषी विद्यापीठाने जी खोली सांगितली असेल तीच पाळावी, कारण त्यांच्या खत-शिफारशी त्याच खोलीच्या चाचण्यांवर बेतलेल्या असतात. विनामशागत शेतात आम्लता वरच्या २ इंचांत साचते, म्हणून तेथे सामूसाठी, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणाऱ्या पीएच आकड्यासाठी, उथळ नमुना वेगळा घेणे उपयोगी ठरते. माती काढायला पोलादी नळी किंवा गिरमिट चालते, पण बादली प्लॅस्टिकचीच हवी. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीतून जस्त मातीत उतरते आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचा अहवाल निरुपयोगी होतो. सगळी माती नीट मिसळून, खडे-मुळे काढून, सावलीत हवेवर वाळवावी. ती भट्टीत किंवा चुलीजवळ तापवू नये.

नायट्रेटची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या नत्राची (नायट्रोजनची), गोष्ट निराळी आहे. पूर्वेकडच्या पावसाळी राज्यांत पानगळीत मोजलेला नायट्रेट वसंतापर्यंत वाहून जातो, त्यामुळे तेथे या चाचणीला फारसा अर्थ उरत नाही. देशाच्या मध्यभागातील महामैदानांच्या (ग्रेट प्लेन्सच्या) कोरड्या राज्यांत मात्र २ फूट खोलीपर्यंतचा नमुना अतिशय मोलाचा असतो. विशेषतः अवर्षणाने पीक अर्धवट आलेल्या शेतात न वापरलेले नत्र बरेच शिल्लक असू शकते. हा नमुना जमीन ५० अंश फॅरनहाइटच्या खाली थंडावल्यावर घ्यावा आणि लगेच थंड ठेवावा किंवा पातळ पसरून पटकन वाळवावा, कारण ओलसर पिशवीतही जिवाणूंचे काम चालूच राहते.

प्रयोगशाळा निवडताना जवळची आणि स्वस्त एवढेच पाहू नये. स्फुरद मातीतून काढण्याच्या ब्रे, मेहलिक-३ आणि ओल्सन या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी थेट ताडता येत नाहीत. चुनखडीयुक्त, अल्कधर्मी मातीसाठी ओल्सन योग्य, तर आम्ल मातीत ब्रे किंवा मेहलिक-३ चालते. एकदा निवडलेली प्रयोगशाळा आणि पद्धत वर्षानुवर्षे कायम ठेवावी. १८६२ च्या मॉरिल कायद्यातून उभी राहिलेली भूअनुदान विद्यापीठे (संघीय जमिनीच्या देणगीवर उभारलेली राज्यांची विद्यापीठे) आणि १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने सुरू झालेली, त्यांचे संशोधन शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवणारी विस्तार सेवा हा या कामातील सर्वांत भरवशाचा आधार आहे. काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक विभागाच्या) विस्तार कार्यालयात नमुन्याच्या पिशव्या आणि अर्ज मिळतात. काही राज्यांत वेळेचा थेट आर्थिक लाभही मिळतो. उदाहरणार्थ, उत्तर कॅरोलायनात राज्याची प्रयोगशाळा एप्रिल ते नोव्हेंबर या काळात रहिवाशांचे नमुने विनाशुल्क तपासते आणि डिसेंबर ते मार्च या गर्दीच्या महिन्यांत शुल्क आकारते.

अहवाल हाती आल्यावर सर्वप्रथम सामू पाहावा. सामू बिघडलेला असेल तर इतर खतांवरचा खर्च बराचसा वाया जातो. चुना किती टाकायचा हे मात्र सामूवरून नव्हे, तर माती सामूच्या बदलाला किती विरोध करते हे दाखवणाऱ्या ‘बफर सामू’वरून ठरते; साधा सामू सारखाच असलेल्या वाळूमय आणि चिकणमातीच्या शेतांना चुन्याची मात्रा खूपच वेगळी लागते. पानगळ कोरडी गेली असेल, तर सामू आणि पालाश (पोटॅशियम) हे दोन्ही आकडे प्रत्यक्षाहून थोडे कमी दिसतात, कारण मातीतील क्षार धुऊन गेलेले नसतात आणि पिकाच्या अवशेषांतला पालाश पावसाअभावी जमिनीत उतरलेला नसतो. तुलना करायची तर दर वेळी त्याच महिन्यात नमुना घ्यावा, हे त्यासाठीच.

आकड्यांच्या गणितात एक चूक वारंवार होते. एक एकरातील वरची सुमारे पावणेसात इंच माती अंदाजे २० लाख पौंड भरते, त्यामुळे दशलक्षात १ भाग नायट्रेट-नत्र म्हणजे त्या थरात एकरी २ पौंड. हा गुणाकार नायट्रेटला लागू पडतो. स्फुरद आणि पालाशच्या आकड्यांना नाही. ते आकडे साठा दाखवत नाहीत, तर पीक खताला प्रतिसाद देण्याची शक्यता किती आहे हे दाखवतात.

पशुपालकांनी आपली जमीन दोन प्रकारांत विभागून पाहावी. गवत कापून बाहेर नेतात त्या शेतातून पालाश झपाट्याने जातो. अल्फाल्फाच्या (लसूणघासाच्या) एक टन वाळल्या गवताबरोबर साधारण ५० पौंड पालाश (ऑक्साइडच्या रूपात) निघून जातो. अशा शेतांची तपासणी वारंवार हवी. जनावरे चरतात त्या कुरणात अन्नद्रव्ये बाहेर जात नाहीत, ती जागा बदलतात : पाण्याच्या टाक्या, सावली आणि मिठाच्या विटांभोवती शेण-मूत्र साचते, त्यामुळे तेथील माती वेगळी तपासावी किंवा वगळावी. नैसर्गिक विस्तीर्ण रानकुरणांवर बहुधा खत टाकले जात नाही. तेथे माती परीक्षणापेक्षा गवताच्या जातींची नोंद आणि चराईचा आराखडा यांनाच अधिक महत्त्व द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता योजनांकडे वळू. धूळवादळांच्या काळात, १९३५ साली, ह्यू हॅमंड बेनेट यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेली मृदा संवर्धन सेवा १९९४ पासून एनआरसीएस (नैसर्गिक संसाधन संवर्धन सेवा) या नावाने काम करते. तिचे नियोजन-साहाय्य विनामूल्य असते आणि ते घेतल्याने कोणत्याही योजनेत सामील होण्याचे बंधन येत नाही. ‘इक्विप’ (पर्यावरण गुणवत्ता प्रोत्साहन) या १९९६ च्या योजनेतून आच्छादन पिके (मुख्य पिकांच्या मधल्या काळात जमीन झाकणारी), अन्नद्रव्य व्यवस्थापन, कुंपणे, पाण्याची नळयोजना अशा एकेका कामासाठी अंदाजित खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. शेतीत दहा वर्षे पूर्ण न झालेले नवशेतकरी, मर्यादित साधनांचे शेतकरी आणि माजी सैनिक यांना ती ९० टक्क्यांपर्यंत आणि काही रक्कम आगाऊही मिळू शकते. सीएसपी (संवर्धन कारभार) ही योजना आधीपासून चांगले काम करणाऱ्यांसाठी असून तिचा करार पाच वर्षांचा असतो, तर सीआरपीत (संवर्धन राखीव योजनेत) धूपप्रवण जमीन १० ते १५ वर्षे पिकाबाहेर ठेवण्याचे भाडे मिळते. रँचधारकांनी (मोठ्या कुरणांवर गुरे पाळणाऱ्यांनी) याखेरीज कुरण-पर्जन्य विमा पाहावा. तो प्रत्यक्ष नुकसानीवर नव्हे, तर आपल्या परिसराच्या पर्जन्य-निर्देशांकावर चालतो आणि पुढील वर्षासाठी तो घेण्याची मुदत १ डिसेंबरला संपते.

अर्जाची सुरुवात एनआरसीएसकडे नव्हे, तर कृषी खात्याच्या त्याच स्थानिक सेवा केंद्रातील शेत सेवा संस्थेकडे, म्हणजे एफएसएकडे होते. तेथे शेताचा क्रमांक, जमिनीच्या मालकीचा किंवा भाडेपट्ट्याचा पुरावा, धूपप्रवण जमीन व पाणथळीसंबंधीचे प्रमाणपत्र (एडी-१०२६) आणि उत्पन्नाची पडताळणी (सीसीसी-९४१) ही कागदपत्रे पूर्ण करावी लागतात. ऐन छाननीच्या आठवड्यात यासाठी धावपळ झाली, की पात्र शेतकऱ्याचाही अर्ज मागे राहतो. जमीन भाड्याची असेल, तर कराराच्या संपूर्ण मुदतीपर्यंत ती आपल्या ताब्यात राहील हे दाखवावे लागते. जमीनमालकाशी याबाबत आधीच बोलून घ्यावे.

अर्ज वर्षभर स्वीकारले जातात, पण प्रत्येक राज्य ठरावीक तारखेपर्यंत आलेले अर्ज एकत्र करून त्यांना गुणानुक्रम देते. सेवा केंद्रात जाताना माती अहवाल, नमुन्यांच्या जागांचा नकाशा, मागील तीन वर्षांची पिके आणि खतांच्या नोंदी सोबत न्याव्यात. अन्नद्रव्य व्यवस्थापनाच्या एनआरसीएसच्या ५९० क्रमांकाच्या मानकानुसार सर्वसाधारणपणे तीन वर्षांपेक्षा जुना अहवाल चालत नाही, मात्र राज्याच्या विद्यापीठाने वेगळी मुदत सांगितली असेल तर ती लागू होते.

सर्वांत कडक नियम एकच आहे : करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या होण्याआधी काम सुरू करू नये. कुंपणाचे खांब रोवले किंवा आच्छादन पिकाची पेरणी केली, तर लेखी पूर्वपरवानगी नसल्यास त्या कामाचे पैसे मिळत नाहीत. साधे माती परीक्षण आधी करून घेण्यात मात्र अडचण नाही. देयक प्रत्यक्ष पावत्यांवर नव्हे, तर राज्याच्या ठरलेल्या दरपत्रकावर आणि बहुधा काम पूर्ण होऊन तपासल्यावरच मिळते, म्हणून मधल्या खर्चाची तजवीज आधी करावी. यंदा निधी अपुरा पडून अर्ज निवडला गेला नाही, तर तो पुढील वर्षासाठी विचारात ठेवण्याची विनंती लेखी करावी. मातीचा अहवाल मुदतीत असेल तर नवा नमुना न घेता तोच पुन्हा जोडता येतो.