सोसायटीत बागकाम शिकवू इच्छिणाऱ्या स्वयंसेवकांसाठी

सोसायटीत, वस्तीत किंवा शाळेत पर्यावरणस्नेही बागकाम शिकवण्याचे मनावर घेतलेली बहुतेक मंडळी श्रीगणेशा करतात तो रोपवाटपाने. रविवारी सकाळी तुळस, मिरची आणि कढीपत्त्याची रोपे वाटली जातात, छायाचित्रे निघतात आणि पुढे त्या रोपांचे काय झाले हे कोणी विचारत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की रोप हा या शिकवणीचा शेवटचा धडा असावा. पहिला धडा ओल्या कचऱ्याचा आणि दुसरा पालापाचोळ्याचा, कारण शहरात पोत्यातून विकत मिळणारी लाल माती कुठल्यातरी टेकडीवरून खरवडून आणलेली असते आणि तिच्या भरवशावर उभी राहिलेली बाग कितीही हिरवी दिसली तरी तिला पर्यावरणस्नेही म्हणणे अवघड आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून हीच दिशा दाखवली होती: आपल्या आवारातल्या जैविक अवशेषांतून माती घडवावी, ज्याने त्याने स्वतः प्रयोग करून पाहावा आणि आलेला अनुभव दुसऱ्याला सांगावा.

शिकवायला उभे राहण्यापूर्वी स्वतःच्या घरी खताची निदान एक बादली पूर्ण होऊ द्यावी. शास्त्रीय आधार हवा असेल तर राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांची प्रकाशने आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली कृषी विज्ञान केंद्रे उपयोगी पडतात. मात्र त्यांचा बराचसा सल्ला शेतासाठी असतो, तो कुंडीच्या मापात बसवून सांगण्याची जबाबदारी आपली असते.

त्यानंतर सोसायटीच्या कार्यकारिणीला भेटावे. येथे हिरवाईचे गोडवे गाण्यापेक्षा नियमांची भाषा लवकर पटते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ५,००० चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांवर ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवण्याची जबाबदारी टाकली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घालून किरकोळ जाळपोळीसाठी ५,००० आणि मोठ्या प्रमाणावरील जाळपोळीसाठी २५,००० रुपयांच्या भरपाईची तरतूद केली. वाळलेली पाने गोळा करून कोपऱ्यात पेटवण्याची सवय जिथे अजून गेलेली नाही, तिथे हा आकडा सांगितला की सचिव कान देऊन ऐकतात. याच बैठकीत जागा, पाण्याचा नळ आणि जबाबदार व्यक्ती या तीन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात. सफाई कर्मचारी आणि माळीकाका यांना बैठकीला आवर्जून बोलवावे. पाने झाडणारा आणि रोज बादली उचलणारा माणूसच विश्वासात नसेल तर ही योजना आठवडाभरही टिकत नाही. शिवाय त्यांच्यापैकी अनेकांनी गावाकडे उकिरड्याचे खत पाहिलेले आणि हाताळलेले असते, आणि ते बोलू लागले की आपल्यालाही शिकायला मिळते.

पहिले सत्र एका तासापेक्षा मोठे नसावे आणि त्यात पडद्यावरच्या चित्रांऐवजी प्रत्यक्ष बादली असावी. झाकणाच्या २० लिटरच्या बादलीला बाजूने आणि तळाला भोके पाडावीत, ती दोन विटांवर ठेवावी, खाली ताटली ठेवावी आणि तळाशी चार बोटे जाडीचा सुक्या पानांचा थर द्यावा. त्यावर एक वाटी ओला कचरा पडला की दोन वाट्या चुरलेली सुकी पाने, हे साधे माप सर्वांना लक्षात राहते. त्यामागचे कारणही सांगावे: भाज्यांच्या देठा-सालींत पाणी आणि नत्र जास्त असते, वाळक्या पानांत कर्ब जास्त असतो, आणि कुजवणारे जिवाणू जोमाने काम करतात ते नत्राच्या साधारण २५ ते ३० पट कर्ब असेल तेव्हा. विरजण म्हणून जुने तयार खत किंवा पातळ आंबट ताक चालते. ओल तपासण्यासाठी प्रत्येकाला मिश्रण हातात घ्यायला लावावे. मूठ घट्ट आवळल्यावर बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब डोकावला तर ओल बरोबर आहे, धार लागली तर पाने कमी पडली आहेत आणि मूठ उघडताच मिश्रण भुरभुरले तर पाणी शिंपडायला हवे. ज्यांनी एकदा हात घातला त्यांची किळस तिथेच संपते. म्हणून हा भाग मुळीच गाळू नये.

खरी परीक्षा पुढच्या आठ-दहा दिवसांत होते. बादलीला वास येतो, चिलटे उठतात, एक दिवस झाकण उघडताच चपट्या, करड्या अळ्या वळवळताना दिसतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर एकच हलकल्लोळ माजतो. त्यामुळे दहाव्या दिवसाच्या सुमारास घरोघरची फेरी आधीच ठरवून ठेवावी. माझ्या मते ही फेरी पहिल्या सत्रापेक्षाही महत्त्वाची आहे. वासावर उपाय म्हणजे आणखी पाने घालून मिश्रण खालीवर करणे, आणि चिलटांवर उपाय म्हणजे ओला कचरा कधीही उघडा न ठेवता वर पानांची चादर पसरणे. त्या अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, त्या कचरा झपाट्याने फस्त करतात आणि ती माशी घरमाशीसारखी अन्नावर घोंगावत नाही. हे आधी सांगून ठेवले असेल तर लोक घाबरत नाहीत.

सुक्या पानांची बेगमी फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीतच करावी लागते. पावसाळ्यात कोरडे पान शोधून सापडत नाही आणि नेमके तेव्हाच बादलीला त्याची सर्वाधिक गरज असते. गोणपाटाच्या पोत्यांत भरलेली पाने जिन्याखाली किंवा पार्किंगच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवण्याची परवानगी कार्यकारिणीकडून आधीच घ्यावी.

गच्चीवर बाग करायची टूम निघाली की स्वयंसेवकाने थोडे कठोर व्हावे. ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकानुसार जो चल भार (म्हणजे माणसे, सामान यांचे बदलते वजन) धरला जातो, तो दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो इतका असतो. उलट भिजलेल्या मातीचा एक फूट जाडीचा थर एकटाच चौरस मीटरला ५०० किलोंच्या आसपास भरतो. म्हणजे गच्चीवर सरसकट माती पसरण्याचा बेत संरचना अभियंत्याच्या लेखी सल्ल्याशिवाय मान्य करू नये. गळतीची जुनी तक्रार असलेल्या इमारतीत तर कुंड्यासुद्धा जलरोधनाची खात्री झाल्यावरच वर न्याव्यात. पालापाचोळ्याचे खत भरपूर असलेले मिश्रण मातीपेक्षा हलके असते, हा आपल्या पद्धतीचा आणखी एक फायदा येथे सांगता येतो.

खत तयार व्हायला साधारण दोन-तीन महिने लागतात. मातीसारखा गंध आला आणि त्यात भाजीचा तुकडा ओळखू येईनासा झाला की मग लावणीचे सत्र घ्यावे. हंगाम पाहून पीक निवडावे: जून-जुलैमध्ये भेंडी, गवार, दोडका, ऑक्टोबरनंतर मेथी, पालक, मुळा. नवशिक्याला पहिल्यांदा मेथीच द्यावी, कारण स्वयंपाकघरातलेच दाणे पेरून तीन-चार आठवड्यांत भाजी खुडता येते. ज्यांच्या खिडकीत जेमतेम दोन तास ऊन येते त्यांना टोमॅटोची स्वप्ने दाखवू नयेत. पुदिना, ओव्याचे पान किंवा अळू यांवर त्यांचे भागते. मावा आणि पिठ्या ढेकूण दिसल्यास आधी पाण्याच्या फवाऱ्याने ते धुऊन काढावेत, आणि मग लिटरभर पाण्यात सुमारे ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व साबणाच्या पाण्याचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासण्याचा नियम मात्र पहिल्या दिवसापासून लावावा. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात साधारण आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण वाढतो, आणि आपल्या बागेमुळे इमारतीत रुग्ण निघाला तर पुन्हा कोणी बागेचे नाव काढणार नाही.

स्वयंसेवकाने काही पथ्ये पाळावीत. विशिष्ट कंपनीची बादली किंवा पावडर सुचवू नये, कारण सल्ल्यात विक्री मिसळली की लोक दोन्हींकडे संशयाने पाहतात. अमुक पाला खाल्ल्याने अमुक आजार बरा होतो असले दावे वर्गात करू नयेत. एखाद्या आजींची पद्धत आपल्या पद्धतीहून वेगळी असली, तर खोडून काढण्याऐवजी दोन कुंड्या शेजारी ठेवून दोन्ही पद्धती करून पाहाव्यात.

मे महिन्यात अर्धी सोसायटी गावी जाते, तेव्हा पाणी कोण घालणार याची यादी एप्रिलमध्येच फलकावर लावावी, कुंड्या भिंतीच्या सावलीत एकत्र आणाव्यात आणि मातीवर पानांचे जाड आच्छादन घालावे. पुढच्या इमारतीचे आमंत्रण आले तरी पहिल्या इमारतीत खताचा दुसरा हप्ता रहिवाशांनी आपल्या मदतीशिवाय काढेपर्यंत ते स्वीकारू नये.