‘आमच्या घराण्यातच शुगर आहे’ : हे वाक्य तपासून बघण्याची रीत

एक मोठा कोरा कागद आडवा घ्या आणि पेन्सिलीनं तीन पिढ्या मांडा. वर दोन्हीकडचे आजी-आजोबा, मध्ये आई-वडील आणि त्यांची सगळी भावंडं, खाली तुम्ही, तुमची सख्खी, चुलत, आते, मामे, मावस भावंडं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्यांना मधुमेह आहे किंवा होता, त्यांचा आकार काळा भरा. बारावीच्या मुलांना आनुवंशिकता शिकवताना हा तक्ता मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढला. घरचा काढला तो वडिलांना इन्सुलिन सुरू झालं तेव्हा. आता सोलापुरात ओळखीतलं कुणी ‘आमच्यात हे असायचंच’ म्हणालं, की मी आधी कागद-पेन्सिल पुढे करते.

ज्यांना शुगर झाली नाही, त्यांना गाळू नका. घरात चर्चा होते ती आजाऱ्यांची. माझी थोरली आत्या ऐंशी ओलांडून गेली, साखर शेवटपर्यंत ठीक होती, आणि ‘घराण्यातच आहे’ म्हणताना तिची आठवण कुणालाच होत नाही. तिचा पांढरा गोल तक्त्यात हवाच.

मग प्रत्येकाखाली लिहा : निदान कितव्या वर्षी झालं, काम उभ्यानं होतं की बसून, गाव कधी सोडलं. आणि जमेल तिथे जन्माची हकीकत. ही हकीकत फार महत्त्वाची आहे. नेदरलँड्समध्ये 1944-45च्या हिवाळ्यात युद्धामुळे मोठी उपासमार झाली होती. त्या काळात जी मुलं आईच्या पोटात होती, त्यांच्या शरीराला पन्नाशीच्या सुमारास साखर हाताळणं जड जात असल्याचं तपासणीत आढळलं. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं 1993पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. त्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं हडकुळी, पण त्यांच्या अंगावरची चरबी मात्र त्या मानानं कमी झालेली नव्हती. कमी झाले होते ते स्नायू. तेव्हा तुमच्या घरात कुणी 1972च्या दुष्काळाच्या आगेमागे जन्मलेलं असेल, आई खडी फोडायला जात असेल, सुकडीवर दिवस काढले असतील, तर ते त्या आकाराखाली लिहाच. हे जनुकांत बसत नाही, आणि त्या माणसाच्या निवडीतही बसत नाही.

आता तक्ता वाचायचा. काळे आकार लागोपाठ तीन पिढ्यांत असतील, निदान पंचविशीच्या आत झालेलं असेल आणि माणसं अंगानं बारीक असतील, तर थांबा आणि मधुमेहतज्ज्ञांना दाखवा. एकाच जनुकातल्या बदलामुळे होणारा मधुमेह असतो, त्यात प्रत्येक मुलाला तो बदल मिळण्याची शक्यता निम्मी असते आणि औषधही वेगळं लागू शकतं. पण हा प्रकार विरळा. बहुतेक घरांतला टाइप 2 मधुमेह शेकडो जनुकांच्या छोट्या छोट्या फरकांतून येतो. त्यात कुणाच्या वाट्याला काय येईल ते कुणी ठरवत नाही. गुणसूत्रांच्या 23 जोड्यांतलं एकेकच पुढे जातं, म्हणजे एका माणसाकडून नुसत्या या वाटणीतूनच जवळजवळ 84 लाख वेगवेगळे संच निघू शकतात. (आकडा ऐकून तुम्हाला योनी आठवल्या असतील, मलाही दर वर्षी वर्गात आठवायच्या.) सख्ख्या बहिणींत एकीला शुगर आणि एकीला नाही, याचं एक कारण इथे आहे. योगायोग तिथेही संपत नाही. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास तीच असतात, गर्भाशयही तेच, तरी आधारच्या यंत्रावर अंगठ्यांचे ठसे वेगळे उमटतात. म्हणून तक्त्यात ‘कारण सापडत नाही’ अशी जागा मोकळी ठेवा. तिथे बळेच कुणाचा तरी दोष भरू नका.

‘मग किती टक्के जनुकं आणि किती टक्के माझ्या हातात?’ हा प्रश्न मला हमखास विचारतात. भाकरी किती टक्के पिठामुळे झाली आणि किती टक्के आचेमुळे, असा तो प्रश्न आहे. आनुवंशिकतेची टक्केवारी मोठ्या लोकसमूहातल्या फरकांविषयी सांगते, एका माणसाच्या शरीराची वाटणी करत नाही.

प्रश्न असा विचारा : वारसा हाच असताना बाकीचं बदललं तर काय होतं? याचं उत्तर आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी वजन 7 टक्के उतरवायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, असं ठरलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. पुढे त्याच लोकांची जनुकं तपासली, तेव्हा ज्यांच्यात जोखमीचा एक ठळक वारसा होता, त्यांनाही या बदलाचा फायदा झालेला दिसला. चेन्नईच्या अशाच प्रयोगात तीन वर्षांत नेहमीसारखं राहणाऱ्यांपैकी 55 टक्के लोकांना मधुमेह झाला, राहणी बदललेल्यांत 39 टक्क्यांना. हे दोन्ही आकडे नीट बघा. फरक पडतो. आणि सगळं करूनही 39 टक्क्यांना झालाच. शुगर निघाली की ‘तोंडावर ताबा नाही’ असं जे नातेवाईक बोलतात, ते या 39 टक्क्यांवर अन्याय करतात, आणि ते ऐकून माणसं तपासणीच टाळू लागतात. याचा मला मनापासून राग येतो.

इच्छा खरी आहे, असं मी मानते. फक्त तिला योग्य वेळी कामाला लावायला हवं. दुपारी चारला, भुकेच्या पोटी, समोर बशीत खारी असताना ती फार दुबळी असते. किराण्याची यादी करताना ती चांगली शाबूत असते. आमच्याकडे चहा एकाच पातेल्यात, साखर टाकूनच उकळायचा. वडिलांनी ‘बिनसाखरेचा’ म्हटलं तर वेगळं भांडं, वेगळा खटाटोप, म्हणून ते म्हणायचेच नाहीत. वहिनीनं साखर पातेल्याबाहेर काढली. आता डबा आणि चमचा ट्रेमध्ये असतो, ज्याला हवी त्यानं घालावी. सुरुवातीला काका कुरकुरले. पण निवड करायची संधी घरात प्रत्येकाला मिळाली ती तिथे, आणि ती वडिलांच्या मनोनिग्रहातून आली नव्हती. तुमच्या घरात अशी पातेली कोणती, ते शोधा : जेवणाची वेळ, ताटातला पहिला वाढलेला भात, संध्याकाळी चालायला जायला लागणारी सोबत. एका वेळी एकच बदला, आणि जो स्वयंपाक करतो त्याच्याशी बोलून बदला.

शेवटी तक्त्यातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाच्या नावाशेजारी शेवटच्या तपासणीची तारीख लिहा. उपाशीपोटी साखर 100 ते 125 किंवा एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) 5.7 ते 6.4 असेल, तर ते उंबरठ्यावर आहेत. वरच्या प्रयोगांतली माणसं साधारण अशाच टप्प्यावरची होती. ज्यांच्यापुढे तारीखच नाही, त्यांना जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात पाठवा, तिथे तिशीपुढच्यांची साखर तपासतात. आणि दिवाळीत सगळे जमले की तक्ता काढून बसा, आधी सगळ्यांत वयस्कर बाईला विचारा. कुणाच्या जन्माच्या वेळी घरात काय होतं आणि काय नव्हतं, ते तिलाच ठाऊक असतं.